हितसंबंध : नाही

आमच्या ऑफिसात कुठलंही काम हातात घेण्याआधी एक पानाचा फॉर्म भरावा लागतो. या विषयाच्या निष्कर्षात तुमचा किंवा तुमच्या जवळच्या कोणाचा काही हितसंबंध आहे का? पुढे दोन चौकोन, 'आहे' आणि 'नाही'. 'आहे' म्हटलं तर कारण लिहायला खाली तीन रेघा. दोन वर्षांत मी अकरा वेळा हा फॉर्म भरला आणि अकराही वेळा 'नाही'वर खूण केली. टूथपेस्टचा कारखाना माझा नव्हता, गुडघ्याच्या कृत्रिम वाट्या मी विकत नव्हते. बाराव्या वेळी विषय आला तान्ह्या बाळांचं दूध आणि त्यांची पुढची बुद्धी. मी सवयीने 'नाही'वर खूण केली. सवयीने, असं नंतर मी स्वतःला बरेचदा सांगितलं. खरं म्हणजे पेन क्षणभर थांबलं होतं.

ते थांबलं, कारण आठच दिवसांपूर्वी ताईने मला दुधाचा हाच प्रश्न विचारला होता.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून ती काचा घासते आणि फ्रेममध्ये बसवते. काच डोळ्यासमोर धरून जराशी हलवली की यंत्राच्या आधी तिला नंबर कळतो. मला ती 'प्रोफेसर' म्हणते आणि वर अहोजाहो करते. मी कुठली प्रोफेसर, साधी एम.एस्सी. झालेली नोकरदार मुलगी, पण तिचा फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं, "काय प्रोफेसर, जेवलात का?"

तिची मुलगी सात वर्षांची आहे. तान्ही असताना पाय पोटाशी दुमडून पालथी झोपायची, म्हणून आम्ही तिला बेडकी म्हणू लागलो आणि ते नाव चिकटलं. बेडकी दुसरीत आहे आणि तिला अजून वाचता येत नाही. एकेक अक्षर ती ओळखते. दोन अक्षरं शेजारी बसवली की दोन्ही अनोळखी होतात. शाळेने तिच्या बुद्धीची तपासणी करून घेतली. शंभर हा मध्य धरलेल्या मोजपट्टीवर बेडकी एकाहत्तरवर होती. पुढच्या वर्षीपासून वेगळ्या वर्गात बसवावं, असं खाली लिहिलं होतं.

ताईने तो कागद माझ्यापुढे ठेवला आणि मी वाचेपर्यंत टेबलावरचा एक डाग नखाने खरवडत बसली. मग तिने जे विचारलं ते मला समजायला वेळ लागला नाही, कारण त्यामागची सात वर्षं मी पाहिली होती. बेडकी वीस दिवसांची असताना ताईच्या छातीत गळू झालं. ताप चढला, चीर द्यावी लागली आणि दूध आटलं. तेव्हापासून बेडकी बाटलीवर. ताईच्या सासूबाई तशा वाईट नाहीत. पण बेडकी उशिरा चालली, उशिरा बोलली, तेव्हा प्रत्येक वेळी त्या एवढंच म्हणाल्या की वरच्या दुधाचं पोर आहे, चालायचंच.

"तुमच्या ऑफिसात कळतं का गं हे?" ताईने विचारलं. त्या दिवशी अहोजाहो नव्हतं. "अंगावरचं दूध मिळालं नाही म्हणून डोकं मागे राहतं का?"

मी म्हणाले, मला आत्ता माहीत नाही, पण शोधून सांगते. आठ दिवसांनी तोच विषय ऑफिसात माझ्या टेबलावर आला तेव्हा मला तो योग वाटला. मी तिला फोन करून सांगितलं की तीन महिने थांब, ऐकीव नाही, पक्कं उत्तर आणून देते.

आमचं काम म्हणजे दुसऱ्यांनी केलेलं संशोधन वाचायचं आणि ते कितपत विश्वासाचं आहे ते ठरवायचं. प्रत्येक शोधनिबंध दोघांनी वाचायचा, एकमेकांशी न बोलता. बावीस प्रश्नांच्या तक्त्यावर गुण द्यायचे आणि मग समोरासमोर बसून ते जुळवायचे. माझ्या जोडीला निवृत्तीला आलेले एक संख्याशास्त्रज्ञ होते. ऑफिसात त्यांना सगळे चाळणी म्हणत, तोंडावरसुद्धा, आणि ते ओ देत. त्यांच्यातून सहसा एकही निबंध खाली पडत नसे. प्रत्येक निबंध उघडला की ते आधी विचारत, "यात लुडबुड्या कोण?" ज्यांच्या घरात काठी असते ते लवकर मरतात, म्हणून काठी विषारी ठरत नाही, मधे म्हातारपण लुडबुडत असतं. तो लुडबुड्या सापडला की अर्धं काम झालं, असं त्यांचं म्हणणं.

आमच्या ढिगात एकेचाळीस निबंध होते. वरवर पाहिलं तर बहुतेक सगळे एकच सांगत होते: आईचं दूध जास्त महिने प्यायलेल्या मुलांना बुद्धीच्या चाचणीत थोडे जास्त गुण मिळतात. पण ते निबंध ज्या ठिकाणांहून आले होते, तिथे जास्त महिने पाजणाऱ्या आया जास्त शिकलेल्याही होत्या, आणि त्यांची मुलं तशीही पुढेच असती. ज्यांनी आईचीही चाचणी घेतली होती आणि ती हिशोबात धरली होती, त्यांच्याकडे दुधाचा फरक आक्रसत गेला. आणि ज्यांनी एकाच आईची दोन मुलं घेतली, एक अंगावर वाढलेलं आणि एक बाटलीवर, त्यांच्याकडे तो जवळजवळ उरलाच नाही. एक-दोन चांगल्या अभ्यासांत उरला, हेही खरं. ते दोन निबंध मी तिसऱ्यांदा वाचले आणि दोन्हीचे गुण कापले.

गुण जुळवताना चाळणींनी तक्ते शेजारी शेजारी ठेवले आणि ओळीओळीवरून पेन्सिल फिरवली. मग म्हणाले, "आपले नऊ ठिकाणी पटत नाही. त्यात काही नाही. पण नऊच्या नऊ ठिकाणी तुझा काटा एकाच बाजूला झुकलाय."

मी म्हणाले, योगायोग असेल. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. ते निबंध आम्ही पुन्हा वाचले, सात ठिकाणी मी माघार घेतली, आणि तरीही निष्कर्ष फारसा बदलला नाही. दुधाचा वाटा असला तर लहान. मला इतकं हलकं वाटलं की मी त्यांना चहा पाजला. चहा पिताना त्यांनी सहज विचारलं की हे कोणाला सांगायची घाई आहे का. मी नाही म्हणाले. "असली तर एवढं लक्षात ठेव," ते म्हणाले, "सरासरी कोणाच्या मांडीवर झोपत नाही. मांडीवर एकच मूल असतं."

ते मी वहीत टिपून घेतलं. वाक्य छान होतं म्हणून.

रविवारी दुपारी मी ताईकडे गेले. भावोजी बेडकीचे केस कापायला तिला घेऊन गेले होते. ताई उभ्याने इस्त्री करत होती. बाजूला बेडकीच्या शाळेच्या कपड्यांच्या पाच घड्या झाल्या होत्या. मी चप्पल काढतानाच सांगायला सुरुवात केली. एकेचाळीस निबंध, हजारो मुलं, बहीण-भावांच्या जोड्या. शेवटी म्हणाले, "दुधाचा जवळजवळ संबंध नाही ताई. एकदा आईची बुद्धी आणि आईचं शिक्षण हिशोबात धरलं ना, की दुधाचा फरक जातो."

मी हसत होते. मला वाटत होतं की मी तिच्या पाठीवरचं सात वर्षांचं ओझं उतरवते आहे.

ताईने इस्त्री उभी करून ठेवली. बटण बंद केलं. "आईची बुद्धी कशी मोजतात?" तिने विचारलं.

"पेपर सोडवून घेतात. शब्द, आकृत्या, आकडे."

"शाळेसारखं."

"साधारण."

"मग कळलं," ताई म्हणाली आणि सहावी घडी घालायला घेतली.

तेव्हा कुठे मला माझं वाक्य ऐकू आलं. ताई सातवीत शाळेतून निघाली. आमची आई, जाऊन तीन वर्षं झाली तिला, येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगायची की थोरलीचे हात चालतात आणि धाकटीचं डोकं. ताई ते हसून ऐकायची. मीही ऐकायचे. मी घाईघाईने म्हणाले की तसं नाही, एका मुलावरून काही सांगता येत नाही, सरासरी वेगळी आणि बेडकी वेगळी. मग मला आणखी पक्का पुरावा देण्याची हुक्की आली. "आपलंच बघ ना. आई एकच. तू दोन वर्षं तिच्या अंगावर प्यायलीस आणि मी पहिल्या महिन्यापासून बाटलीवर. तरी मी..."

"थांबलीस का?" ताई म्हणाली. "पुढचं बोल."

मी पुढचं बोलले नाही. बोलले ते भलतंच. घाबरल्यावर मी आकड्यांच्या मागे लपते, ही माझी जुनी खोड आहे. म्हणाले की असे दाखले धरायचेच नसतात. त्या निबंधांतही हाच दोष आहे, वर्षानुवर्षांनी आयांना विचारतात की किती पाजलं, कधी पाजलं, आणि त्या आठवेल ते सांगतात. माझंच घे, पंचवीस वर्षांपूर्वी मी किती दूध प्यायले ते आता कोणाला आठवणार आहे.

"मला आठवतंय," ताई म्हणाली.

तिने पलंगाखालून जुनी बॅग ओढली. तिच्या लग्नातली साडी, बेडकीचं पहिलं झबलं, आईचा चष्मा, आणि तळाशी एक चौकटीची वही. ती तिने इस्त्रीच्या टेबलावर ठेवली आणि स्वतः खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

मी जन्मले आणि महिन्याभरात आईला फुप्फुसाच्या आजारासाठी दूरच्या दवाखान्यात ठेवावं लागलं, अकरा महिने, हे मला माहीत होतं. बाबांची नोकरी फिरतीची, हेही. शेजारच्या काकू मला आंघोळ घालायला यायच्या, ही गोष्ट मी शंभरदा ऐकली होती. बाटली कोणी दिली, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. आमच्या बावीस प्रश्नांतही तो नाही.

वहीची पहिली नऊ पानं भागाकारांची होती. लाल शाईत बरोबरच्या खुणा, तीन ठिकाणी 'छान'. दहाव्या पानापासून भागाकार नव्हते. पट्टीने आखलेले चार रकाने होते: वेळ, किती, ओकली का, शी. अक्षर तेच, नऊ वर्षांच्या मुलीचं. सकाळी सहा, दोन माप, नाही. सकाळी नऊ, दोन माप, ओकली. पानंच्या पानं. एक दिवस गाळलेला नव्हता.

तिसऱ्या आठवड्यात मी फार ओकत होते. तिथे चौथ्या रकान्याशेजारी तिने पाचवा काढला होता, वर काही न लिहिता. त्यात होतं: कोमट, आडवी, ओकली. गार, आडवी, ओकली. कोमट, पाणी जास्त, आडवी, ओकली. कोमट, बसवून, नाही. कोमट, बसवून, नाही. कोमट, बसवून, नाही. आणि मग, एकदाच: कोमट, आडवी, ओकली. त्यानंतर शेवटच्या पानापर्यंत सगळीकडे 'बसवून'.

ती एका वेळी एकच गोष्ट बदलत होती. आणि उत्तर सापडल्यावर ते उलटून तपासून पाहिलं होतं. हे आम्हाला एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला शिकवलं.

"हे शेवटचं," मी विचारलं, "मुद्दाम केलंस?"

"खात्री करायला." ती खिडकीकडून न वळताच म्हणाली. "एकदाच. मग तू रडलीस खूप. वाईट वाटलं."

मी तारखा पाहिल्या. भागाकार जिथे संपले तिथपासून अकरा महिने. मी विचारलं की शाळा? ताईने सांगितलं, अगदी सरळ आवाजात, दुकानातल्या गिऱ्हाईकाला काच कधी तयार होईल ते सांगावं तसं. शाळेत नाव होतं, पण जायची नाही. आई परत आल्यावर गेली, तर लहान मुलांच्या वर्गात बसवलं. तिथेही मागचं काही कळेना. अपूर्णांक होऊन गेले होते. बाईंनी विचारलं की उत्तर येत नसे, आणि मग विचारणंही बंद झालं. "दशांश मी दुकानात शिकले," ती म्हणाली. "काचांचे नंबर असतात ना. अपूर्णांक अजून येत नाहीत."

"मला कोणीच सांगितलं नाही."

"काय सांगायचं होतं? तू लहान होतीस."

मी वही हातात धरून तिला सांगू लागले की ताई, हे बघ, हे डोकं आहे, ही वही कोणत्याही परीक्षेपेक्षा मोठी आहे, मी वाचलेल्या एकेचाळीस निबंधांतल्या निम्म्या लोकांनी एवढी नीट नोंद ठेवलेली नाही. सगळं खरं होतं. बोलता बोलता मला कळत होतं की ते तिच्यापर्यंत जात नाहीये.

"आता मार्क देतेस," ताई म्हणाली. रागाने नाही. मग ती येऊन टेबलाशी बसली आणि हात मांडीवर ठेवून म्हणाली, "दुधामुळे असतं तर बरं झालं असतं गं. गळू काय, कोणालाही होतं. त्यात माझं काही नव्हतं. सात वर्षं मी तेवढंच धरून होते."

मी तिच्या हातावर हात ठेवला. तिने आपला हात काढून घेतला नाही, आणि माझाही धरला नाही.

जिन्यात बेडकीचा आवाज आला. केस फारच आखूड कापले होते; कान एकदम मोठे दिसत होते. भावोजी म्हणाले की न्हाव्याचा हात चालूच राहिला, आम्ही थांब म्हणेपर्यंत हे उरलं. बेडकी माझ्या मांडीवर चढली आणि उघड्या वहीत डोकावली. तिने तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. "ओ," ती म्हणाली. बोट खाली सरकवलं. "ओ. ओ." जिथे 'नाही' होतं तिथे ती थांबे, बोट उचले आणि पुढच्या 'ओ'वर ठेवी. ताई तिच्याकडे पाहत होती. एवढा वेळ तिचे डोळे कोरडे होते. आता ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि नळ बराच वेळ चालू राहिला.

निघताना मी विचारलं, "वही मी ठेवू का? जपून ठेवीन."

"नको," ताई म्हणाली. "तुझ्याकडे सगळं आहे."

सोमवारी मी चाळणींच्या टेबलाशी गेले आणि तो फॉर्म परत मागितला. 'नाही'वरची खूण खोडली, 'आहे'वर केली, शेजारी सही केली. तीन रेघांवर काय लिहायचं ते सुचेना. भाची, असं लिहिलं. मग त्याखाली, बहीण. तिसरी रेघ रिकामी राहिली. चाळणींनी ते वाचलं. माझे सगळे तक्ते बाद होणार, एकेचाळीस निबंध दुसऱ्या कोणीतरी पहिल्यापासून वाचणार, हे दोघांनाही माहीत होतं. शेवटी त्यांनी विचारलं की सांगितलंस का तिला? मी हो म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि माझा ढीग आपल्याकडे ओढून घेतला, हळूच, कागदांचा आवाज होऊ नये अशा बेताने.

नव्या वाचकाच्या हातूनही निष्कर्ष तोच आला. अहवाल तीन महिन्यांनी निघाला; दोन निबंधांचे मी कापलेले गुण त्यात परत मिळाले आहेत, तरीही दुधाचा वाटा लहानच आहे. वाचकांच्या यादीत माझं नाव नाही. बेडकी वेगळ्या वर्गात जाते. तिथल्या बाई तिला वाळूत अक्षरं काढायला देतात आणि ती खूश असते, असं भावोजी सांगतात. मी दर शनिवारी अपूर्णांकांचं पुस्तक पिशवीत टाकून निघते, कधी तरी ताईला म्हणावं म्हणून, आणि तसंच परत आणते.

ताई अजून रोज फोन करते. एक दिवस चुकवत नाही, ती कधीच चुकवत नव्हती. माझा चष्मा ढिला झाला होता तर दुकानात बोलावून तिने दांड्या नीट करून दिल्या, माझ्या कानामागे बोट फिरवून टोचत नाही ना ते पाहिलं. त्या रविवारबद्दल ती काही बोलत नाही. फक्त फोन उचलला की मी क्षणभर थांबते, त्या जुन्या वाक्याची वाट पाहत, आणि पलीकडून ती विचारते, "जेवलीस?"

मी हो म्हणते.